घड्याळकाकांची ठेव

सोमवार, ३ नोव्हेंबर

तिसरा खिसा उलटा केला तेव्हा मोठ्या सिस्टरना शेवटी हसू आलं. टेबलावर माझ्या वस्तूंचा ढीग होता: काचेची बाटली, हातआरसा, स्कार्फ, स्टेपलर. स्टेपलर कशाला आणलाय, त्यांनी विचारलं. नवीन नोकरी आहे, लागेल म्हणून, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, इथे टाचणीसुद्धा दिसणार नाही, डिंकाने चिकटवायला शिका. सगळं एका पिशवीत घालून त्यांनी वर माझं नाव लिहिलं. घरी जाताना मागून घ्या म्हणाल्या. पहिलीत आई वर्गात सोडून गेली होती, त्या दिवसासारखं वाटलं. हातात धरायला काही नाही, आणि तरी मजा.

वॉर्ड तिसऱ्या मजल्याच्या टोकाला आहे. दहा खाटा, पाच बायकांच्या, पाच पुरुषांच्या, मधे लाकडी पार्टिशन. जीव द्यायला निघाले आणि वाचले ते इथे, आणि देतील या भीतीने घरच्यांनी आणून सोडलेले तेही इथे. खिडक्या चार बोटं उघडतात. दर पंधरा मिनिटांनी एक सिस्टर तक्ता घेऊन फिरते आणि कोण काय करतंय ते लिहिते. झोपलाय. बसलीय. भिंतीकडे पाहतोय.

माझं काम त्यांच्याशी बोलण्याचं, म्हणजे बहुतेक ऐकण्याचं. पाच वर्षं शाळेत हेच केलं, पण तिथे परीक्षेची धास्ती आणि मैत्रिणींचे अबोले. इथली खोली लहान आहे. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीत एक लाकडी कपाट. माझी खुर्ची दाराकडे तोंड करून.

राहायला मागच्या क्वार्टरमध्ये एक खोली मिळाली. ऊन येतं. दादाचा फोन आला होता. लहानपणी पिक्चरमधला कुत्रा मेला तरी तू दोन दिवस जेवायची नाहीस, तिथे काय दिवे लावणार, म्हणाला. मी म्हटलं, अरे, इथे कुणी मरू नये हेच तर काम.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

डॉक्टरांनी कपाट उघडून दाखवलं. ते सतत चष्मा शोधत असतात आणि तो कपाळावर असतो. सांगायचं धाडस अजून झालं नाही.

कपाटात दहा कप्पे, प्रत्येकावर खाटेचा आकडा. पेशंटने, जे त्याला ओढून नेतं, ते कागदावर लिहायचं. घडी घालून कप्प्यात ठेवायचं. मी वाचायचं नाही, फक्त कुलूप लावायचं आणि म्हणायचं, पुढच्या भेटीपर्यंत हे माझ्याकडे. तोवर तुम्ही वाहू नका. हवं असलं तर मागा. याला वॉर्डात ठेव म्हणतात. घरी जायच्या दिवशी पेशंट स्वतः कागद काढतो, वाचतो आणि फाडतो. मग वॉर्डाच्या वहीत लिहायचं, फाडला. हात अडला तर आणखी काही दिवस मुक्काम.

मी विचारलं, आणि याने बरं वाटतं? डॉक्टर म्हणाले, जादू नाही ही. गुरुवारपर्यंत थांबलेला माणूस पुढच्या मंगळवारपर्यंत थांबू शकतो. आपण नुसती मुदत मागतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा: अक्षर त्यांचं आणि फाडणारा हात त्यांचा. आपली फक्त किल्ली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सकाळी खाट दोनच्या मास्तरीणबाई. चौतीस वर्षं गणित शिकवलं. एका दमात पान लिहिलं, परत वाचलं, एक स्वल्पविराम घातला. मुलांना मी सांगायचे उत्तर चुकलं तरी चालेल पण रीत दाखवा, तुम्ही म्हणता काहीच दाखवू नका, म्हणाल्या. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

दुपारी खाट सातचे घड्याळकाका. घड्याळं दुरुस्त करतात, सगळा वॉर्ड त्यांना तेच म्हणतो. बायको मागच्या थंडीत गेली. नऊ दिवसांपूर्वी मुलीने त्यांना इथे आणलं. गोळ्यांमुळे हात थरथरतात. केसासारखी स्प्रिंग चिमट्याने बसवणारे हात. ते त्यांच्याकडे परक्याचे असल्यासारखे बघत होते. दोन ओळी लिहिल्या. शाईत पडलेली मुंगी चालत गेल्यासारख्या. पेन ठेवलं आणि रडायला लागले. म्हणाले, हेही गेलं.

मी पेन घेतलं. तुम्ही सांगा काका, मी लिहिते म्हटलं. दुसरं काय करणार होते?

त्यांचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. त्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, छातीत कसंतरी होतंय, दाखवून येऊ. तिने स्वेटर घातला, बूट घातले, पिशवी घेतली आणि दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. यांच्यासमोर एक घड्याळ उघडं होतं. डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाले, हे एवढं झालं की आलो. ती काही बोलली नाही. तिला घाई करायची सवयच नव्हती. वीस मिनिटं लागली. भिंग काढून पाहिलं तर ती उंबऱ्यावर बसली होती, दाराला टेकून.

तेव्हापासून ती दारात उभी असते. रागवत नाही. बूट घालून, तयार. काका म्हणाले, माणसाने किती वेळ थांबवायचं एखाद्याला? आता उठून बरोबर जावं, एवढीच रीत उरली आहे.

मी लिहीत होते तसे ते माझ्या हाताकडे पाहत होते आणि दुरुस्त करत होते. स्वेटर निळा नाही, फिका निळा, लिहा. एका कोपराला उसवलेला. दुसरं बटण वेगळं. पिशवी डाव्या हातात. मी पूर्ण वाचून दाखवलं. बरोबर, म्हणाले, आणि खुर्चीला पाठ टेकली. आल्यापासून पहिल्यांदाच.

घडी घालून कप्पा सातमध्ये ठेवला. कुलूप लावलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

घड्याळकाका सलग तीन रात्री झोपले. दोन्ही वेळा ताट संपवतात. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे कारण ते वाकडं टांगलंय, असं त्यांनी मोठ्या सिस्टरना सांगितलं. त्या म्हणाल्या, वीस वर्षं झाली, त्याच चार मिनिटांच्या जोरावर मी वेळेवर येते. तक्त्यावर खाट सातपुढे आज हसला असं लिहिलंय. तसं आधी कुणापुढे लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, तुमचा हातगुण चांगला दिसतोय. कागदावरचं अक्षर माझं आहे हे मी सांगणार होते. ते चष्मा शोधत होते, मी म्हटलं कपाळावर आहे. तेवढ्यात राहून गेलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

नोंदी लिहीत बसले होते. दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. वर न पाहता म्हटलं, बसा, हे एवढं झालं की बोलू. कागद संपवून मान वर केली तर कुणी नाही. कुणाच्या तरी नातेवाईक असाव्यात. पायात बूट होते, हातात पिशवी. म्हणजे घाईत असणार. मोठ्या सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, दुपारी भेटायची वेळच नाही, कुणाला आत सोडलेलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

घड्याळकाका घरी गेले.

मुलगी न्यायला आली होती. त्यांनी स्वतः कप्पा उघडला, कागद उलगडला, वाचला. उलटून मागची बाजू पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत फार माया होती. म्हणाले, हे तुमचं अक्षर ना हो, ताई? वाईट झालं. कोण होत्या तुमच्या?

मला वाटलं चेष्टा करतायत. मी म्हटलं, काका, फाडा. ते म्हणाले, दुसऱ्याचं असं काही आपण कसं फाडायचं? घडी घातली आणि दोन्ही हातांनी माझ्या तळहातावर ठेवली. वाटेत कुणाचं पडलेलं काही परत करावं तशी.

डॉक्टरांनी दारातून विचारलं, झालं? मी म्हटलं, झालं. वहीत लिहिलं, फाडला. काका खाली उतरताना मुलीला सांगत होते की तुझ्या मनगटावरचं घड्याळ बंद आहे, लाज आणतेस बापाला.

नंतर मी स्वतः फाडायला घेतला. दोन चिमटीत धरला. कोपराला उसवलेला स्वेटर डोळ्यासमोर आला आणि हात तिथेच राहिला. पुन्हा कप्प्यात ठेवला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सकाळी दात घासत होते. क्वार्टरच्या उघड्या दारात ती उभी होती. फिका निळा स्वेटर. वरून दुसरं बटण पांढरं.

मी किंचाळले नाही. तोंड धुतलं, पुसलं. तिचा चेहरा भीतिदायक नाही. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको म्हणून संकोचलेल्या बाईचा चेहरा. घाबरण्यासारखं एवढंच की मला नवल वाटलं नाही. आणि तोंडातून आपोआप निघालं, हे एवढं झालं की आले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आता रोज. खोलीत, जिन्यात, क्वार्टरमध्ये. नेहमी दारातच. आत येत नाही.

मी खुर्च्यांची अदलाबदल केली. आता माझी पाठ दाराकडे. मास्तरीणबाई आल्या, बसल्या, म्हणाल्या, आज मला का पहाऱ्यावर बसवलं? मी दोनदा मान वळवली ते त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, वर्गात जे पोर सारखं मान वळवून दाराकडे बघतं, त्याला एकतर बाहेर जायचं असतं नाहीतर बाहेर त्याचं कुणी थांबलेलं असतं. तुझं कुठलं?

पहिल्यांदाच तू म्हणाल्या. मी विषय बदलला. आम्ही सगळे आमचं तुला सांगतो, त्या म्हणाल्या, तू तुझं कुणाला सांगतेस? मी म्हटलं, त्याची इथे व्यवस्था आहे. म्हणजे कुणालाच नाही, त्या म्हणाल्या.

मागे एकदा त्यांनाही विचारलं होतं की तुमचंही लिहून देऊ का, हात दुखत असेल. तेव्हा म्हणाल्या होत्या, चौतीस वर्षांत कुणाचा गृहपाठ दुसऱ्याला करू दिला नाही. आता बरं वाटतं की दिला नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

घड्याळकाकांची मुलगी आली. बसायला सांगितलं तरी उभीच.

म्हणाली, बाबा मजेत आहेत. दुकान उघडतात, गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. परवा भिंतीवरच्या फोटोसमोर उभं राहून विचारलं, या बाई कोण गं? तिला वाटलं डोकं तपासायला हवं. सगळं तपासून झालं. डोकं ठीक आहे. गिऱ्हाइकांचे पत्ते पाठ आहेत, वीस वर्षांपूर्वी कुणाच्या घड्याळात काय बिघडलं ते सांगतात. फक्त आई नाही. लग्न आठवत नाही. मी कुणाची हे त्यांना ठाऊक आहे, पण मधे एक माणूस होतं हे ठाऊक नाही.

तुम्ही काय केलंत, तिने विचारलं. भांडायला आली नव्हती. ती म्हणाली, त्यांना रडताना बघवत नव्हतं म्हणून इथे आणलं. आता आईसाठी रडणारी मी एकटीच उरले.

जाताना दारातून गेली. तिच्या आईच्या अगदी अंगाला लागून. तिला कळलं नाही. आईने मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं. मग परत माझ्याकडे.

सोमवार, १ डिसेंबर

कागद काकांना परत द्यावा तर ती पुन्हा त्यांच्या दारात. एकदा ते तिच्याबरोबर उठून निघालेच होते. पुन्हा निघतील.

न द्यावा तर ती माझ्या.

कागद आहे तोवर ते जिवंत आहेत, जेवतात, चेष्टा करतात. दुसऱ्याला जगवायचं हेच काम घेतलं ना मी. मग त्यात वाईट काय?

मंगळवार, २ डिसेंबर

आज तिच्या पायांकडे पाहिलं. बुटांचे तळ झिजलेत. किती उभी राहिली असेल.

मी कोण लागते तिची? तरी लाज वाटते. बसून राहण्याची, जेवण्याची. कुणी दारात तिष्ठत असताना घास उतरत नाही.

डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले. वहीत माझ्याच हाताने फाडला लिहिलंय. परत आले.

बुधवार, ३ डिसेंबर

मुलीला फोन केला. बाबांना शुक्रवारी दहा वाजता घेऊन ये म्हटलं. देईन की नाही माहीत नाही. शुक्रवारपर्यंत—

दादाचे तीन फोन. उचलले नाहीत. निरोप पाठवला, हे एवढं झालं की करते.

पाठवल्यावर वाचलं.

गुरुवार, ४ डिसेंबर

झोप नाही. दुपारचे चार. वॉर्डातल्या खोलीत ऊन आहे.

आज ती उंबऱ्याच्या आत. एक पाऊल.

रागवत नाही. कधीच रागवणार नाही. तेच सहन होत नाही. एक शब्द बोलली असती तर—

बूट घातलेत मी. कधी घातले आठवत नाही. किल्ली टेबलावर ठेवली. कुणीतरी हाक मारतंय पॅसेजमधून, मास्तरीणबाईंचा आवाज, तू म्हणून. मी उत्तर द्यायला हवं.

तिने पिशवी उजव्या हातात घेतली. डावा हात मोकळा केलाय. माझ्यासाठी. मी म्हटलं, हे पान एवढं झालं की—

शुक्रवार, ५ डिसेंबर (मोठ्या सिस्टरच्या अक्षरात)

ही वही ताईंच्या टेबलावर मिळाली. पुढचं मी लिहिते, कारण डॉक्टरांनी लिहून ठेवायला सांगितलं आहे.

काल सव्वाचारला ताई जिन्यापर्यंत गेल्या होत्या. उजवीकडे कुणीतरी असल्यासारख्या एका बाजूला सरकून चालत होत्या. खाट दोनच्या बाईंनी त्यांचा हात धरला आणि ओरडून मला बोलावलं. मी पोचेपर्यंत त्यांनी हात सोडला नाही. बाईंच्या मनगटावर अजून वळ आहेत. ताईंना खाट चारवर घेतलं. संध्याकाळी त्यांचे भाऊ आले. त्यांच्यासमोर ताईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं, कागदाचं आणि वहीत खोटं लिहिल्याचंही. पहाटे ताईंना थोडी झोप लागली.

आज दहाला घड्याळवाले काका मुलीबरोबर आले. मी परत पाठवणार होते. डॉक्टर म्हणाले, बसू दे, मी इथेच आहे. कपाटातला कागद ताईंनी मागितला नाही. तोंडानेच सांगितलं, सावकाश, त्या दिवशीच्या सकाळपासून त्या वीस मिनिटांपर्यंत सगळं. काका एखाद्या अनोळखी माणसाचं दुःख ऐकावं तसे मान हलवत होते. ताई सांगत असताना मधेच काकांनी एक नाव घेतलं. कागदात कुठेच नाव नव्हतं, मी नंतर पाहिलं. मुलगी खुर्चीवरून उठली. काकांनी पुन्हा तेच नाव घेतलं आणि मग त्यांना रडू आवरेना. मुलगीही रडली. पुष्कळ वेळ. मी मधे पडले नाही.

त्यानंतर काका दाराकडे पाहायला लागले. ताईंनी पाहणं थांबवलं आहे. मी दोनदा जाऊन बघून आले. दारात कुणी नव्हतं.

काकांना पुन्हा भरती करून घेतलं. हात अजून थरथरतो, तरी डॉक्टरांनी पेन त्यांच्याच हातात दिलं. एक ओळ लिहायला अर्धा तास लागला. वाचता येत नाही. मुलगी शेजारी बसून आहे. घरी जा म्हटलं तर म्हणाली, आज आम्ही दोघं आहोत, असू दे.